खांद्यावर राहिलेला हात

लीलंड ब्रूस्वीनच्या डाव्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे, हे त्याच्या फोटोच्या प्रचारपाट्या राज्यभर बर्फात रोवून झाल्यावर लोकांच्या लक्षात आलं.

लीलंड विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासाठी उभा होता. आमच्याकडे न्यायाधीशही मतांनीच निवडतात. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असली तरी उमेदवाराच्या गालांना पावडर लागते. लीलंड आधी लष्करात कॅप्टन, मग वकील. जाहिरातवाल्यांनी त्याचा इराकमधला, चिलखती गाडीपुढचा फोटो शोधला, शेजारचा जवान कापून काढला आणि खाली छापलं, 'कुणाच्याही दबावाखाली नाही.' जवान गेला. त्याची चार बोटं तेवढी लीलंडच्या खांद्यावर राहिली. करंगळी वाकडी होती.

विरोधकांना मेजवानीच मिळाली. 'हात कुणाचा?' एवढंच ते विचारत राहिले आणि गावोगाव लोक आपापल्या आवडीच्या धनदांडग्याचं नाव घेत राहिले. शेवटी प्रचारप्रमुख ट्रिश वँडेहीने रेडिओवर सांगून टाकलं, ही संगणकाची चूक आहे, त्या फोटोत दुसरं कुणी नव्हतंच.

"नव्हतंच?" लीलंडने विचारलं.

"मंगळवारी मतदान आहे, लीलंड. नव्या पाट्या छापायला टाकल्यात. बिनहाताच्या."

वकिलाचं मौन ही संमती की डावपेच, या भानगडीत ट्रिश पडली नाही.

खरं तर पाट्या लागल्यापासून त्याचा डावा खांदा जड झाला होता. डॉक्टर म्हणाला, ठणठणीत आहे. पण कोट त्या बाजूला उतरायचा. दाढी करताना त्याची नजर आरशात चेहऱ्याकडे न जाता खांद्याकडे जायची. गाडीतून जाताना प्रत्येक अंगणात तो स्वतः उभा असायचा, आणि खांद्यावर तो हात. एकाही अंगणात हात यायला विसरला नव्हता.

त्या शुक्रवारी पाइन क्रॉसिंग गावी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये मासे तळायचा कार्यक्रम होता. शुक्रवारचा मासा चुकवणाऱ्याला आमच्याकडे सख्खी मावशीही मत देत नाही. दाराशी नेहमीचं छोटं टेबल होतं, पांढरी चादर, पालथा ग्लास आणि एक रिकामी खुर्ची, परत न आलेल्यांसाठी. ब्रँडी कितीही चढली तरी माणूस त्या खुर्चीला वळसा घालूनच जातो. लीलंडही वळसा घालून आत गेला.

"या कॅप्टन," कढईवरचा ऑर्विल ओरडला. "ताट एकच वाढू, की हातही जेवणार?"

हॉल खदखदून हसला. लीलंडही हसला, उमेदवाराला हसावं लागतं. तेवढ्यात दार उघडलं आणि हसू दाराकडून थंड होत आलं.

बर्नडीन कुबियाक आत आली होती. गावातच राहणारी, सत्तरी उलटलेली. तिचा मुलगा डेल लीलंडच्याच तुकडीत होता आणि परत आला नव्हता. तिने अंगणातली पाटी उपटून आणली होती. तारेच्या पायांना गोठलेली माती होती. तिने ती पाटी रिकाम्या खुर्चीत ठेवली. तिला कोण काय बोलणार?

"सकाळी रेडिओ ऐकला," ती म्हणाली. "इथे कुणी नव्हतं म्हणे." तिने वाकड्या करंगळीवर बोट ठेवलं. "लहानपणी बर्फावर हॉकी खेळताना मोडली ही. म्हटलं, बसेल आपोआप. बसली ती अशी. आता तू सांग बाबा. कुणी नव्हतं?"

"'चौकशी करतो' म्हण," बरोबर आलेली ट्रिश त्याच्या कानाशी पुटपुटली. "एवढंच म्हण."

एवढंच म्हटलं असतं तर निभावलं असतं. डेलचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न येणार, आणि तो प्रश्न कुणी विचारू नये म्हणून तर लीलंड इतकी वर्षं दुसऱ्यांनाच प्रश्न विचारायचा धंदा करत होता.

"डेल होता, मिसेस कुबियाक. त्याच सकाळचा फोटो आहे."

"एवढा जवळ येऊन काय करत होता?"

"सांगत होता, साहेब, पुलाकडच्या रस्त्यात सुरुंग असतील, आधी तपासून घेऊ, मग निघू."

"आणि तू?"

"मी म्हटलं, वेळ नाही. त्याचीच गाडी पुढे घातली."

कढईत मासे करपत होते. ऑर्विलने ते काढले नाहीत.

"म्हणजे त्याला कळलं होतं," बर्नडीन म्हणाली.

"हो."

"मला वाटायचं, तेव्हा गाडीत झोपेत असेल. सकाळी उठायला फार त्रास द्यायचा." तिने मान हलवली. "त्या पाट्यांवरून हात काढताय म्हणे."

"छपाई थांबवतो."

"ते तुझं तू बघ. माझा मी घरी नेते."

पाटी उचलून ती गेली. ट्रिशने ताट तसंच ठेवलं आणि गाडीत जाऊन बसली.

मंगळवारी लीलंड हरला. पाइन क्रॉसिंगमध्ये मात्र त्याला भरघोस मतं पडली. त्याचा अर्थ ट्रिशला अजून लागलेला नाही. हरलेल्याने आपल्या पाट्या आपणच गोळा करायच्या, अशी आमच्याकडे रीत आहे. अंगणाअंगणांतून त्या काढत तो बर्नडीनच्या घरापाशी आला आणि गाडी थांबवली.

तिची पाटी जागेवर होती. चेहरा, नाव, घोषणा, सगळं कात्रीने नीट कापून टाकलेलं. हात तेवढा राहिला होता. आणि हाताखालचा खांदा. हाताला टेकायला काहीतरी हवंच होतं.

ती पाटी त्याने काढली नाही.