सकाळचा ओटीपी

बबनरावांनी चहाचं आधण गॅसवर तसंच उकळत ठेवलं आणि मोबाइल चष्म्यासमोर धरला. मेसेज आला होता. पाठोपाठ फोन वाजलाच.

"काका, ओटीपी सांगा ना लवकर. गाडी गेटवर लागलीय." चाकणच्या कारखान्यातून दिव्या बोलत होती.

"सांगतो. आधी सांग, डबा आणला का गं आज?"

"आणलाय, मेथीची भाजी. सांगा आता."

त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला. एका दमात सांगता आले असते, पण मग फोनही एका दमात संपला असता.

चाकणच्या त्या सुट्या भागांच्या कारखान्यात बबनराव डिस्पॅचचे सुपरवायझर होते. माल ज्या मोठ्या कंपनीला जायचा, तिच्या पोर्टलवर गाडीची नोंद करायला ओटीपी लागे आणि तो बबनरावांच्या मोबाइलवर येई. ते निवृत्त झाले, शाल-श्रीफळ मिळालं, भाषणं झाली. नंबर बदलायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यामुळे काळेवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत अजूनही रोज सकाळी चाकणचा फोन यायचा. पत्नी सुभद्राबाई गेल्यापासून त्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज तेवढाच. मुलगा प्रज्वल रावेतला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. पण ओ द्यायला त्याला सवड नव्हती.

"काका, एक सांगायचं होतं," दिव्या घुटमळली. "उद्यापासून तुम्हाला हा त्रास नाही. ऑडिट झालं आमचं."

"कसलं?"

"सायबर सिक्युरिटीचं. मोठ्या कंपनीनं सगळ्या पुरवठादारांना सर्टिफिकेट सक्तीचं केलंय. नाहीतर ऑर्डर बंद. ऑडिटवाल्यांनी तुमचा नंबर बघून कपाळावर हात मारला. आता प्रत्येकाला वेगळं लॉगिन."

बबनराव हसले. "पूर्वी आयएसओचे बोर्ड लावून देणारे यायचे, आता हे. भीती विकणाऱ्याला गिऱ्हाईक धुंडावं लागत न्हाई बघ."

"पण बरोबरच आहे ना, काका? बाहेरच्या माणसाकडे किल्ली कशी ठेवायची?"

ती सहज बोलून गेली. बबनरावांना मात्र ते फार लागलं. उभी हयात त्या गेटवर काढून ते आज बाहेरचे झाले होते.

"बरोबर हाय, लेकरा," ते म्हणाले. चहा उतू जाऊन गॅस विझला होता.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्यांनी रिंगचा आवाज वाढवला, मोबाइल उगाच चार्जिंगला लावला. एकदा दिव्याचा नंबरही काढला. पण कामावरच्या पोरीला विनाकारण फोन करून सांगायचं काय? मग प्रज्वलला लावला. 'मीटिंगमध्ये आहे' असा त्याचा मेसेज आला, आणि त्यानंतर काहीच नाही.

मग एका सकाळी, चहाच्याच वेळेला, फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"सर, बँकेतून बोलतोय. तुमचं खातं बंद होणार आहे. आता एक ओटीपी येईल, तो मला सांगा."

आवाज कोवळा होता. त्याच्या मागे असंच पढवलेलं बोलणारे आणखी कितीतरी आवाज होते. गेटवर जन्म गेलेल्या माणसाला चोर ओळखायला वेळ लागत नाही. फोन ठेवायला हवा होता. तेवढ्यात मेसेज आला: हा ओटीपी कोणालाही सांगू नका.

बबनरावांनी तो वाचला. मग गॅस बारीक केला.

"सांगतो," ते म्हणाले. "आधी सांग, डबा आणला का रे आज?"

पलीकडे 'सर, तुमचं खातं...' असं पुन्हा सुरू झालं आणि मध्येच तुटलं.

"नाही, काका," तो हळूच म्हणाला.

बबनरावांनी खुर्ची ओढून घेतली. मोबाइलकडे न बघताच त्यांनी मनाला येईल तो पहिला आकडा सांगितला, अगदी सावकाश.