कानामागचा उंचवटा

मास्तरांनी तीस वर्षं तुरुंगात काढली. कैदी म्हणून नव्हे, केस कापायला; पण हा खुलासा ते समोरच्याचा चेहरा पुरता पडल्यावरच करत. इतकी डोकी हाताखालून गेली की माणूस एक तर कंटाळतो, नाहीतर विद्वान होतो. मास्तर विद्वान झाले. कानामागे उंचवटा, तो चोर. डोक्यावर दोन भोवरे असले की लोक म्हणतात दोन लग्नं, मास्तर म्हणत दोन खटले. खुर्चीत चुळबुळ करणारा मारामारीवाला आणि अगदीच पुतळ्यासारखा बसणारा अफरातफरवाला. गुन्हेगार जन्मालाच यावा लागतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

"तुम्ही आयुष्यभर चोरांचीच डोकी चाचपलीत," त्यांची बायको म्हणायची. "सरळमार्गी माणसाचं एक तरी बघितलंत का?" अशा वेळी मास्तरांना कानाने जरा कमी ऐकू यायचं.

आता त्यांच्या एकुलत्या एक मुलीने आपला नवरा आपणच पसंत केला होता. मुलगा दुचाकी दुरुस्त करायचा, स्वतःचं गॅरेज होतं. मास्तरांची एकच अट होती: आधी डोकं बघणार. डोकं नापास तर लग्न नापास.

"लोक पगार विचारतात, बाबा," मुलगी म्हणाली.

"पगार बदलतो. कवटी बदलत नाही."

रविवारी सकाळी मुलगा आला. हात घासघासून धुतलेले, तरी नखांच्या कडेला काळं उरलेलंच. मास्तरांनी बाल्कनीत खुर्ची मांडली, त्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं आणि कात्री चालवता चालवता बोटं कामाला लावली. मुलगी दारात नखं खात उभी होती. आता जीव काय तो बापाच्या दहा बोटांत.

उजव्या कानामागे सपाट. डाव्या कानामागेही सपाट. भोवरा एकच, आणि बसणं कसं बेताचं, ना चुळबुळ ना पुतळा.

"बावनकशी आहे," मास्तर खुलले. "तीस वर्षांत असं डोकं माझ्या हाताला लागलं नाही."

मुलीने सुटकेचा श्वास टाकला.

"लागलंय, काका," मुलगा म्हणाला. "सहा वेळा. दहा वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांचा असताना, मी तीन मोटारसायकली चोरल्या होत्या. सहा महिने आत होतो. दर महिन्याला तुमच्याच खुर्चीत बसायचो. हिला सगळं माहीत आहे, पहिल्याच आठवड्यात सांगितलंय."

कात्री थांबली.

"तेव्हा तुम्हाला उंचवटा सापडला होता. म्हणाला होतात, हे डोकं पुन्हा माझ्या हाताखाली येणार."

मास्तरांनी पुन्हा चाचपलं. उजवीकडे, डावीकडे, मग अंगठ्याने दाबून. दहा वर्षांत हाड काही झिजत नाही. उंचवटा तेव्हाही नव्हता. कैद्याचे कपडे होते, तेवढेच त्यांना पुरले होते. त्यांना मनापासून लाज वाटली. एवढ्याशा पोराला आपण काय सांगून बसलो, आणि ते आपल्याला आठवतसुद्धा नाही.

"मग तू काय केलंस?"

"बरेच दिवस स्वतःच चाचपत बसायचो. कधी सापडायचा, कधी नाही. गॅरेज काढल्यावर शोधायला वेळच मिळेना."

मास्तरांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. "मला कळलंही नसतं. कशाला सांगितलंस?"

"तुम्ही इतके खूश झालात. खोट्यावर खूश झालेलं बरं वाटेना."

"अहो," आतून बायकोचा आवाज आला, "पोराला अर्ध्या डोक्याने घरी पाठवणार आहात का?"

मास्तर कामाला लागले. कानामागचे केस त्यांनी आयुष्यात कुणाचे कापले नसतील इतक्या निगुतीने कापले. मग कापड सोडून झटकलं, ब्रशने मान साफ केली आणि मुलीकडे न बघता म्हणाले, "यापुढे दर महिन्याला इथेच यायचं. दुसऱ्या कुणाचा हात या डोक्याला लागलेला मला चालणार नाही."

"म्हणजे हो ना, बाबा?"

"आणि लग्नाच्या दिवशी सकाळी लवकर ये," मास्तर मुलाला म्हणाले, "दाढी मी करून देईन."