बेटाची मागली बाजू

लाँच सुटायला अजून अर्धा तास होता, पण आकारामला एका जागी बसवेना. धक्क्याच्या टोकापर्यंत जायचा, वाकून पाण्याकडं बघायचा, परत यायचा. सुनेनं, लीलानं, दोनदा बसा म्हणून सांगितलं. तो नुसता हूं म्हणाला आणि पुन्हा निघाला.

त्याचा सगळा जन्म पाटकरी म्हणून गेला होता. कराडच्या खाली कालव्यावर कुणाच्या उसाला कधी पाणी सोडायचं, कधी तोडायचं, हेच तीस वर्षं केलेलं. पाणी कुठून आलं, कुठं चाललं, हे त्याला डोळे झाकून कळायचं. इथलं पाणी मात्र जागच्या जागी उचंबळत होतं. येतंय की जातंय, काही पत्ता लागत नव्हता.

त्याचा मुलगा ज्ञानू आरमारात होता. एकाहत्तरच्या लढाईत त्याची बोट बुडाली. प्रेत मिळालं नाही. सरकारी पत्रात आधी 'बेपत्ता' आलं, नंतर 'मृत समजावे'. त्या 'समजावे'वर आकारामची बायको बनुबाई सव्वा वर्ष अडून बसली होती. त्यात गावातले एक रिटायर सुभेदार सहज बोलून गेले, की बोट बुडाली तरी पोहणारी माणसं कधी कधी बेटाला लागतात. झालं. बनुबाईनं दिवसपाणी करू दिलं नाही. लीलाच्या मंगळसूत्राला कुणाला हात लावू दिला नाही.

आता लीलाला सांगलीत नर्सच्या ट्रेनिंगला जागा मिळाली होती. येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. बनुबाईचं एकच म्हणणं, "त्यो आला आन बायकू घरात न्हाई, तर मी काय सांगू त्येला?" लीला उलटून बोलली नाही. पण तिचं अन्न तुटलं. ते बघून आकारामनं ठरवलं, बनुबाईला एकदा कोकणातलं एखादं बेट दाखवायचं. डोळ्यांनी बघेल, मग मानेल. कोयनानगरला मेव्हण्याकडं मुक्काम करून तिघं पहाटेच्या एस्टीनं घाट उतरून आली होती.

लाँच दिलावर नावाच्या तांडेलाची होती. सहलीला आलेली आणखी सात-आठ माणसं होती. ती गाणी म्हणत होती, एकमेकांवर पाणी उडवत होती. बनुबाई तोंडाला पदर लावून समोरच्या बेटाकडं बघत राहिली. आकाराम खांब धरून उभाच.

बेट केवढंसं. एक विडी संपेस्तोवर या टोकाहून त्या टोकाला जाता यावं, एवढं. वर वाळलेलं गवत, बत्तीचा मनोरा आणि एक बत्तीवाला. उतरायला एकच जागा. बाकी चहूकडं काळे कडे. बनुबाईनं बत्तीवाल्याला विहीर कुठं आहे म्हणून विचारलं. विहीर नाही, तो म्हणाला, पिण्याचं पाणी याच लाँचनं पिंपातून येतं.

"हितं कोन पवत आलंय का कवा?"

बत्तीवाल्यानं तिच्याकडं बघितलं, मग मागं उभ्या असलेल्या लीलाकडं. "अकरा वर्षं हाय मी, मावशी," तो हळू म्हणाला. "कोन नाय आला."

बनुबाई कड्यापाशी गेली. लीलानं तिचा दंड घट्ट धरला. खाली लाट यायची, खडकावर फुटायची, मागं सरायची. पाऊल टेकायला जागा नव्हती. बराच वेळ बघून बनुबाई मागं फिरली, गवतात बसली आणि भाकरीचं गाठोडं सोडून तिनं आधी लीलाच्या हातावर भाकरी ठेवली.

"सोमवारी कितीच्या गाडीनं जायाचं हाय?"

"सकाळच्या, आत्या."

"मी येती सोडाय."

हेच ऐकायला आकाराम एवढा आटापिटा करून आला होता. आता जीव भांड्यात पडायला हवा होता. पण त्यानं आपली भाकरी तशीच गाठोड्यात ठेवली. तो उठला आणि एकटाच काठाकाठानं हिंडू लागला. प्रत्येक कपारीत डोकावला. मागच्या बाजूला कडा आत वळला होता, वरून तिथलं काही दिसत नव्हतं. तो पालथा पडला, तरी दिसेना. लाँचचा भोंगा झाला, तेव्हा लीलानं येऊन त्याला उठवलं.

लाँच सुटली तसा तो दिलावरपाशी गेला.

"मागल्या अंगानं एक येढा घ्याल का?"

दिलावर म्हणाला, तिकडं नुसता खडक आहे, लाटही मोठी आहे, कुणी जात नाही.

"असू द्या. माझा पोरगा गेलाय दर्यात. तेवढंच बघायचं ऱ्हायलंय."

दिलावरनं कुणाला न विचारता सुकाणू वळवलं. लाँच हेलकावे खाऊ लागली, तशी गाणी थांबली. बनुबाईनं वर बघितलंच नाही. ती लीलाच्या खांद्यावर डोकं ठेवून होती.

मागची बाजू म्हणजे पाण्यातून सरळ उठलेली काळी भिंत होती. ओली, गुळगुळीत. हाताचं बोट रुतवायलाही खाच नव्हती. आकारामनं ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश बघितली.

मग त्यानं दोन्ही हातांनी डोक्यावरचा पटका काढला. लग्न होऊन चार वर्षं झाली, पण लीलानं सासऱ्याला घराबाहेर बोडक्या डोक्यानं कधी बघितलं नव्हतं. विरळ पांढरे केस वाऱ्यावर उडत होते. दिलावरनं इंजिन मंद केलं. आकारामनं पटक्याची घडी घातली, काखेत धरली आणि बेट मागं पडेपर्यंत तसाच उभा राहिला.