उमाजीचा शेवटचा वाटा

उमाजीने रोहू हातावर तोलला, ढिगाच्या तळाशी सारला आणि वर मूठभर बारीक मासळी पसरली. वाटा दिसायला अगदी भिकार झाला. त्याला तो तसाच हवा होता.

तलावातल्या मासळीचे वाटे पाडायचे काम वीस वर्षे त्याच्याकडे होते. बावीस घरे, बावीस वाटे. आधी पुरुष निवडत, मग विधवा कुंता, आणि सगळ्यांत शेवटी वाटे पाडणारा, म्हणजे त्याच्या मनात खोट राहत नाही. भिकार वाट्याला कोणी शिवत नसे. तो कुंता मुकाट्याने उचली. घरात चार लेकरे आणि आंधळी सासू होती. आतला रोहू उमाजीच्याच वाट्यातला असे. हे त्याची बायको गुणाबाई तेवढी जाणून होती.

यंदा बल्लारपूरची दिव्यानी आली. कॉलेजच्या अभ्यासासाठी तिने सगळ्यांच्या वाट्यांचे वजन केले आणि मच्छीमार सोसायटीच्या सभेत उभी राहिली. "विषमता मोजायचा एक आकडा असतो. सगळ्यांना सारखं मिळालं तर शून्य, एकालाच सगळं मिळालं तर एक. तुमचा आकडा शून्य दशांश शून्य तीन. इतका चांगला आकडा मी कुठेच पाहिला नाही! वीस वाटे पाच-पाच किलोचे. फक्त कुंताताईंचा सात आणि उमाजीकाकांचा तीन, म्हणून शून्य हुकलं."

पोरगी कौतुकच करत होती. पण मागे कोणीतरी हसले.

"काऊन भाऊ," सचिव सूरजने विचारले, "कुंतालेच काऊन जास्ती?"

माझ्यातले दिले, एवढे म्हटले असते तर उमाजी सुटला असता. पण मग कुंता इतकी वर्षे भीक खात होती असे झाले असते. त्याला मेल्याहून मेल्यासारखे वाटले.

"नजर चुकून राह्यली आता," तो म्हणाला. "म्हातारा झालो."

उमाजीचे नाव कुंताशी जोडले गेले; गावाचे तोंड कोण धरणार? पुढच्या मासेमारीला बांधावर वजनकाटा आला आणि वाटे सूरज पाडू लागला. दिव्यानीने फोनवर गणित केले आणि आनंदाने ओरडली, "शून्य!"

उमाजी कित्येक वर्षांनी पाच किलो घेऊन घरी आला. गुणाबाईने टोपली पुढे ओढली. दोन किलो तिच्यात काढले, टोपली पदराखाली घेतली आणि भरदिवसा कुंताच्या दारी गेली.

कुंता चूल फुंकत होती. टोपली पाहून उठली.

"नको बाई."

"पोरायले होईन वं. मी आनली, त्यायनं नाई."

"वाटा होता, तवा घेतला," कुंता म्हणाली. "आता हे देनं झालं. भाऊले सांगा, मले सारखं भेटलं."

तिने गुणाबाईला पाणी दिले. दोघी जरा वेळ ओट्यावर बसल्या. मग गुणाबाई टोपली घेऊन उठली, आणि या वेळी तिने ती पदराखाली झाकली नाही.