आई जाते, मॅडम येतात

भिलाईत पोरगं रांगायला लागलं की शेजारीपाजारी विचारतात, आयआयटीचं कोचिंग कुठे लावणार? अर्धी थट्टा असते, अर्धी नसते. तेव्हा नर्सरीच्या मुलाखतीसाठी सुजाताने घर डोक्यावर घेतलं, यात नवल काही नव्हतं. तिची गुंजन चार वर्षांची होत आली होती. पोरीच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालायचा, पण चालायचा तो फक्त घरच्या मराठीत.

सेक्टरच्या बागेत शेजारच्या ममताने लाडाने विचारलं, "बेटा, आपका नाम क्या है?"

"मले नाई सांगाचं," गुंजन म्हणाली आणि आईच्या पदरात तोंड लपवलं.

बाकावरच्या सगळ्या बायका हसल्या. सुजाताही हसली, पण ते हसू तिला चांगलंच झोंबलं. आपण लहानपणी याच हसण्यातून गेलो, आता पोरीनेही जायचं का?

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. प्रेमानंद कारखान्यात रोलिंग मिलला होता, आणि मिलच्या आवाजाची सवय झालेला माणूस घरच्या कटकटीने सहसा हलत नाही. "शिकन ना थे शाळेत," तो म्हणाला. "शाळा कायच्यासाठी असते मंग?"

"तुमाले काय समजते? तिथं हिंदीत विचारतेत."

दुसऱ्या दिवशी ती पावर हाउस भागातल्या बाजारातून फळांचा आणि रंगांचा तक्ता घेऊन आली. आतल्या खोलीत, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, चटई अंथरली. पण आईकडून शिकायचं म्हणजे गुंजनला खेळच. "सेब" म्हणायला सांगितलं की ती मांडीत चढायची, गळ्यात पडायची, मंगळवारच्या बाजारात खाल्लेल्या जिलेबीची गोष्ट काढायची. सुजाता रागवायची आणि मग स्वतःच हसायची. असं कुठे शिक्षण होतं?

म्हणून तिने युक्ती काढली. "आता आई बाहेर जाते," तिने सांगितलं, "आन मॅडम येतेत." ती स्वयंपाकघरात गेली, केसांचा घट्ट अंबाडा घातला, पदर खांद्यावर पिनेने टाचला आणि दारावर टकटक करून आत आली. चटईसमोर खुर्ची ओढून बसली. मॅडमसारखं काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं.

"सीधे बैठो। मुँह पे उँगली।"

तो आवाज तिचा नव्हता. कोरडा, थोडासा नाकातला, शेवटचा शब्द तोडून टाकणारा. दुर्गला मोहन नगरात राहताना ती ज्या शाळेत जायची, तिथल्या पहिलीच्या मॅडमचा आवाज. इतक्या वर्षांत तिला त्या बाईची आठवणसुद्धा आली नव्हती. आवाज मात्र जसाच्या तसा, जणू दाराआड उभाच होता. सुजाताला थोडी गंमत वाटली, थोडा अंगावर काटा आला. गुंजन ताठ बसली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं.

मग काय विचारता! पोरगी रंग शिकली, फळं शिकली, आपलं आणि बापाचं नाव हिंदीत सांगू लागली. रोज दुपारी आई जायची, मॅडम यायच्या, आणि शेवटी मॅडम जाऊन आई परत यायची. प्रेमानंद खूश झाला. "तू तं खरंच मॅडम झाली वं," तो म्हणाला. ममतानेही बागेत डोळे मोठे केले. सुजाताचे पाय दोन दिवस जमिनीला लागले नाहीत.

मग गुंजन तिला 'आई' म्हणेनाशी झाली. आधी 'मम्मी' आलं. त्याचं सुजाताला काही वाटलं नाही, भिलाईत निम्मी पोरं मम्मीच म्हणतात. पण पोरगी मांडीतही येईना. पाणी हवं असेल तर समोर उभी राहून विचारायची, "मम्मी, मैं पानी पी लूँ?" रात्री कुशीत घेतलं तर हात सरळ ठेवून झोपायची. परक्याच्या घरी झोपावं तशी.

एके दिवशी सुजाता गच्चीवर मिरच्या वाळत घालून खाली आली. आतल्या खोलीत गुंजन चटईवर बसली होती, ओठांवर बोट, नजर रिकाम्या खुर्चीवर.

"काय करून राहिली राणी?"

गुंजनने मान हलवली नाही. डोळे तेवढे खुर्चीकडून आईकडे आले आणि भिऊन परत गेले. बऱ्याच वेळाने, कोणीतरी परवानगी दिल्यासारखं, तिने बोट काढलं.

"क्लास चल रही थी, मम्मी। आप बीच में आ गईं।"

"कोणाची क्लास? मॅडम तं मीच हावो ना राणी. मीच पदर टाचून येतो."

मोठी माणसं लहान मुलांच्या थापांकडे पाहतात, तसं गुंजनने तिच्याकडे पाहिलं. "आप नहीं," ती म्हणाली. "मैडम बोलती हैं, सुजाता भी यहीं बैठती थी। सुजाता ने फर्श गीला किया था।"

ती गोष्ट सुजाताने कधी कोणाला सांगितली नव्हती. वर्गात मराठीत बोलली म्हणून मॅडमने तिला ओठांवर बोट ठेवून खाली बसवलं होतं. जब तक मैं न कहूँ, उठना नहीं. सगळा वर्ग घरी गेला तरी मॅडम काही म्हणाल्या नाहीत, आणि तिला उठायचं धाडस झालं नाही. शेवटी बसल्या जागी फरशी ओली झाली, तेव्हा ती न विचारताच उठून पळाली. फ्रॉक तिने नळाखाली धुतला आणि घरी सांगितलं की पाणी सांडलं. आईलासुद्धा खरं सांगितलं नाही. नवऱ्याला तर नाहीच.

तिने मोहन नगरला आईला, ठकूबाईला, फोन लावला. "आई, माही पहिलीची मॅडम कुठी असते आता?"

"थे? थे तं मेली ना, मोप वरसं झाले," ठकूबाई म्हणाली. "कावून वं? आज तिची कावून आठवण आली?"

"अशीच," सुजाता म्हणाली.

त्या दिवसापासून तिने शिकवणी बंद केली. तक्ता फाडला, चटई गुंडाळून पलंगाखाली सारली, खुर्ची ममताकडे देऊन टाकली. मुलाखत गेली खड्ड्यात, असं ती मोठ्याने म्हणाली आणि ते तिला मनापासून वाटलं. घरात ती आता नुसती मराठी बोलायची, पोरीला गुदगुल्या करायची, गोड भजे तळायची. भजे थंड होऊन जायचे. मग एका सकाळी प्रेमानंद ड्यूटीवर गेला, आणि सुजाता आंघोळ करून आली तर गुंजन आतल्या खोलीत चटई अंथरून बसलेली. समोर खुर्ची नव्हती. तरी जिथे माणसाचा चेहरा असावा, तिथेच तिची नजर होती.

ती दुधाला उठली नाही. जेवायला उठली नाही. सुजाताने गोंजारलं, रागावली, शेवटी काखेत हात घालून उचलायला गेली, तर एवढीशी पोर हलेना. तिच्या कानाशी गुंजन कुजबुजली, "मम्मी, छोड़ दो। मार पड़ेगी।" आणि तिने मूठ उघडून दाखवली. तळहातावर पट्टीचा लाल वळ होता, ताजा. त्या घरात पट्टी नव्हतीच. सुजाताने पोरीवर कधी हात उगारला नव्हता.

पोरीचे ओठ सुकले होते. आता सुजाताच्या भीतीचा संताप झाला. "सोडा तिले," ती रिकाम्या जागेला म्हणाली. "माही पोरगी हाय थे. तुमचं तिच्याशी काय काम?"

खोलीत काही हललं नाही. गुंजनने डोळे गच्च मिटून घेतले आणि मार घ्यायला दुसरा हात पुढे केला.

तेव्हा सुजाताला कळलं की मॅडमला पोरगी नकोच आहे. मॅडमचा वर्ग कधीचा अर्धवट राहिलाय, एवढंच. एक मुलगी न विचारता उठून गेली होती. सुजाता गुंजनच्या शेजारी चटईवर बसली. मांडी घातली, पाठ ताठ केली. तिच्या तोंडून आवाज आला तो बारीक होता, सहा वर्षांच्या मुलीचा.

"मैडम, उसको जाने दीजिए। मैं बैठ गई हूँ।"

तिने ओठांवर बोट ठेवलं. शेजारी गुंजनचे खांदे सैल पडले. तिने तळहात फ्रॉकला पुसले, इकडेतिकडे पाहिलं आणि झोपेतून उठल्यासारखी दुडदुडत बाहेर गेली.

थोड्या वेळाने फाटक वाजलं. प्रेमानंदची सायकल भिंतीला टेकली.

"बाबा, मले भूक लागली," गुंजनचा आवाज आला. "मले भात पायजे. आन दूध बी पायजे."

सुजाताच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. किती दिवसांनी! आता उठावं, पोरीला मांडीत घ्यावं, भात कालवून भरवावा, तिची सगळी बडबड ऐकत बसावं, असं तिला झालं.

"तुले जेवाले नाई देल्लं अजून?" प्रेमानंद म्हणाला. "तुई आई कुठी हाय?"

"आई ना," गुंजन म्हणाली, "आई शाळेत हाय."

प्रेमानंद हसला. त्याने डब्यातून भात काढला, ताटली वाजली. सुजाता सगळं ऐकत होती. हाक मारावी म्हणून तिने ओठ हलवले, पण बोट जागचं हललं नाही. मॅडमने अजून उठायला सांगितलं नव्हतं.