शेवटच्या भागानंतर लगेच उठू नका

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या सनीव्हेलमधल्या एका भाड्याच्या घरातला जुना, तपकिरी सोफा आहे. माझे पहिले मालक गुरुदत्तकाका कायमचे पुण्याला परतले आणि जाताना त्यांनी मला उल्हास आणि सुचित्राच्या हवाली केले. इथल्या आपल्या मंडळींत सोफे असेच घरोघरी फिरतात. पहिल्या वर्षी येणारा-जाणारा माझ्या मऊपणाचे कौतुक करी. मग चहा सांडला, एक स्प्रिंग कुरकुरू लागली, मधोमध खड्डा पडला. माझ्यावर चादर आली. तोंड झाकून जगणे मला मुळीच आवडले नाही.

तरी रविवारची दुपार माझी होती. त्यांची सोळा वर्षांची लेक इशिता आठवडाभर 'फाइन' आणि 'ओके' यापलीकडे बोलत नसे. पण 'लाल छत्री' ही रहस्यमालिका लागली की मायलेकी माझ्या खड्ड्यात घसरत घसरत एकमेकींना खेटत. मालिकाही मोठी नखरेल, खून झाला तरी पडद्यांचा रंग साडीला जुळलेला. या रविवारी तिचा शेवटचा भाग होता. सोमवारी नवा सोफा येणार होता आणि मला बाहेर काढणार होते. माझा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी डिटेक्टिव्ह बाईंनी दार उघडले आणि टीव्हीचा पडदा पांढराफटक झाला. पाच सेकंद, दहा सेकंद, तरी पांढराच. "नेट गेलं," म्हणत उल्हास उठला आणि त्याने राउटर बंद करून पुन्हा चालू केला. सॉफ्टवेअरवाल्यांचा सगळ्या दुखण्यांवर हाच काढा.

मायलेकी बसूनच राहिल्या. सुचित्रा म्हणाली, बाई मेली. इशिता म्हणाली, छे, ती खुन्याला सोडणार. वाद चांगलाच रंगला आणि पोरगी तावातावाने, चक्क मराठीत भांडू लागली. मला इतका आनंद झाला की स्प्रिंग दोनदा कुरकुरली.

नेट परत आले. पांढरा पडदा मुद्दामच होता. त्यानंतर दारात बाईंची हरवलेली बहीण उभी होती, हातात लाल छत्री घेऊन. दोघीही चुकल्या होत्या. उल्हास ओशाळला, आणि दोघी पोट धरून हसल्या.

मग इशिता हळूच म्हणाली, "आई, एपिसोड वनपासून परत बघू या ना. पण नवीन काउच कॅन्सल कर. त्याच्यावर आपण लांब लांब बसू."

 सुचित्राने फोन उचलून ऑर्डर रद्द केली. माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, गोष्ट संपल्यासारखी वाटली तरी लगेच उठू नका. आणि जुना सोफा टाकण्याआधी त्याच्या खड्ड्यात कोण कोणाला खेटून बसते, तेवढे एकदा बघा.