समासातलं स्वगत

मी बोलतेय, ती जिन्यापाशी ठेवलेली पत्र्याची ट्रंक. ग्रंथालयात वर जाताना तुम्ही मला पाहिलं असेल आणि पुढे गेला असाल. माझ्यासमोर एक पाटी आहे : ‘नाटक कंपनीच्या मालकांच्या घरची पत्रे ठेवण्याची ट्रंक. रिकामी. हात लावू नये.’ त्यातला मधला शब्द खोटा आहे. मला त्याबद्दलच बोलायचंय.

एका पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवलं आणि एका नाटक कंपनीच्या मालकांना विकलं. आधी माझ्यात दाढ्यामिशा आणि मुकुट असायचे. त्या दाढ्यांच्या डिंकाचा वास अजून माझ्या कोपऱ्यांत आहे. पुढे मालकांच्या बायकोने तो पसारा बाहेर काढला आणि घरची पत्रं माझ्यात ठेवायला सुरुवात केली. ती कंपनीची नायिका. सगळे तिला बाई म्हणत, मीही तेच म्हणते. ‘पत्र्याची आहे, म्हणून पत्रं हिच्याच नशिबी!’ असं कंपनीतला विनोदी नट म्हणायचा आणि दर वेळी एकटाच हसायचा.

एका कंपनीत राहून नवरा-बायकोला पत्रं कशाला लागतात, असं तुम्ही विचाराल. मालक कायम एक गाव पुढे असत. इथे खेळ चालू असले की ते पुढच्या गावी थिएटर ठरवायला गेलेले. त्यांचा संसार टपालानेच चालला. परत आले की बाईंनी पाठवलेली पत्रं ते पिशवीतून काढून माझ्यात टाकत, त्यामुळे दोन्ही बाजू माझ्याच पोटात असत.

मालकांचं पत्र आलं की कंपनीचा प्रॉम्प्टर ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. पुढचा मुक्काम कुठे, कोणाला कोणती भूमिका, कोणाची रजा नामंजूर, सगळं त्यात असायचं. तिकडे बाईंचं पत्र मालकांचा मॅनेजर वाचून दाखवायचा, कारण चष्म्याशिवाय मालकांना दिसत नसे आणि चष्मा लावलेलं कोणी पाहिलेलं त्यांना खपत नसे. चष्मा निघायचा तो खोलीचं दार लावल्यावर.

मग मनातलं लिहायचं कुठे? त्यावर त्यांनी नाटकवाल्यांनाच सुचावी अशी युक्ती काढली होती. कागद आडवा धरायचा, समासात बारीक अक्षरात ‘स्वगत’ असं लिहायचं आणि पुढे मनातलं. नाटकात स्वगत शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जातं, पण रंगमंचावर हातभर अंतरावर उभ्या असलेल्याला जात नाही. वाचणाऱ्यांनी तो नियम इमानाने पाळला. मजकूर संपला की प्रॉम्प्टर कागदाची घडी घालायचा आणि बाईंच्या हातात द्यायचा. कंपनीत मारामाऱ्या झाल्या, चोऱ्या झाल्या, पण दुसऱ्याचा समास कोणी वाचला नाही.

बाईंना दोन मुलं. मोठा मुलगा कंपनीबरोबर हिंडत वाढला. धाकटी शाळेच्या वयाची झाली तेव्हा मालकांचं पत्र आलं : ‘धाकटीला माझ्या बहिणीकडे ठेवायचं. शिकेल तरी. फिरत्या बिऱ्हाडात लहान पोर म्हणजे सगळ्यांच्याच डोक्याला ताप.’ प्रॉम्प्टरने ते खणखणीत आवाजात वाचलं. बाई आरशासमोर रंग लावत होत्या. ‘बरोबर आहे,’ एवढंच म्हणाल्या. चारचौघांत मालकांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही त्यांची जिद्द. त्या जिद्दीचा मला अजून राग येतो.

धाकटीला आत्याकडे पोचवल्यावर त्यांनी उत्तर लिहिलं ते माझ्याच झाकणावर कागद ठेवून. ‘धाकटी तिथेच राहू दे. इथे तिची अडचणच होते. सुट्टीतही आणू नका.’ मग कागद आडवा केला. ‘स्वगत. वर लिहिलंय ते मॅनेजरच्या कानांसाठी. माझी पोर मला आणून द्या. पहिल्या अंकात मी रोज कापडाचं गाठोडं मांडीवर घेऊन अंगाई म्हणते आणि बायका डोळे पुसतात. मला गाठोडं नको. मला ती हवी.’

मालकांच्या समासात उत्तर आलं, ‘पुढच्या हंगामात बघू.’ पुढच्या हंगामातही तेच आलं. बाई लिहीत राहिल्या, मालक बघत राहिले. माणसांच्या या ‘बघू’ने जेवढे संसार पोखरले, तेवढे भांडणांनी पोखरले नसतील.

धाकटी आत्याकडे मोठी झाली, नर्स झाली. आत्याने तिला शिकवलं, सांभाळलं आणि जेवता जेवता सांगितलं, ‘तुझ्या आईला टाळ्या हव्या होत्या गं. तू नको होतीस.’ समासाची रीत घरात सगळ्यांना ठाऊक होती. एकटी धाकटी तेवढी अनभिज्ञ राहिली, कारण तिला घरातच ठेवलं नव्हतं.

मालक गेले, बाई गेल्या, कंपनी मोडली. मोठ्या मुलाने मला सांभाळलं आणि तोही गेल्यावर मी धाकटीच्या पलंगाखाली आले. तिने एकदाच झाकण उघडलं, आईचं अक्षर पाहिलं आणि धाडकन बंद केलं. त्यानंतर काही वर्षांनी ग्रंथपालसाहेब आले.

‘आमच्याकडे सुरक्षित राहील सगळं,’ ते म्हणाले. ‘ओल नाही, वाळवी नाही.’

‘न्या एकदाचं,’ ती म्हणाली. ‘केर काढायला तरी जागा होईल.’

ते खोटं बोलले नव्हते. ग्रंथालयात वाळवी नव्हती, कटिंग मशीन होतं.

पत्रं लहानमोठी होती. त्यांचे खंड बांधायचं ठरलं. साहेब बाइंडरला म्हणाले, ‘कडा किती वरखाली दिसतायत! या संग्रहाच्या उद्घाटनाला पाहुणे येणार. सगळे खंड एका मापाचे हवेत.’

‘साहेब, बाजूला बारीक काहीतरी लिहिलंय.’

‘असू दे हो, समासातलं कोण वाचतं? मजकूर शाबूत राहिला म्हणजे झालं.’

सुरी खाली आली. यंत्राशेजारी कातरण टाकायला काही नव्हतं. मी होते, झाकण उघडं टाकून. बाईंची सगळी स्वगतं पट्ट्यापट्ट्यांनी माझ्या पोटात पडली. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, ‘पाहुणे आले, ती ट्रंक बाहेर घ्या!’ झाकण बंद झालं, कुलूप सापडेना म्हणून कडीत तार पिळली आणि मला फडक्याने पुसून इथे उभं केलं. आत बघायची कोणाला गरजच वाटली नाही. पाहुण्यांनी भाषणात ‘पान न पान जपलं’ असं सांगितलं. टाळ्या पडल्या. मी कंपनीतली आहे, फुकटच्या टाळ्या मला ओळखू येतात.

उद्घाटनाला धाकटी आली नाही. नंतर एकदा दुपारी काठी टेकत एकटीच आली आणि समोरच्या टेबलाशी बसून खंड उघडला. चष्मा लावून एकेक ओळीवर बोट ठेवत वाचत होती. एका पानावर बोट थांबलं. कुठलं पान ते मला इथूनही कळलं.

कापलेल्या कडेवरून तिने अंगठा फिरवला. ‘अहो, इथे काही लिहिलेलं होतं का? अर्धी अर्धी अक्षरं दिसतायत.’

‘शाईचे डाग असतील, आजी,’ काउंटरवरची मुलगी म्हणाली. ‘जुन्या कागदांना असतात.’

‘माझ्या आईचं पत्र आहे हो हे.’

‘हो का? किती सुंदर अक्षर आहे!’

धाकटीने खंड मिटला. जाताना माझ्यापाशी थांबली आणि माझ्यापुढे बांधलेल्या दोरीवरून वाकून झाकणावर हात ठेवला, अगदी बाई कागद ठेवून लिहायच्या तिथेच. ‘म्हणजे आत्या खरं बोलत होती,’ ती म्हणाली.

पहारेकरी लांबूनच ओरडला, ‘आजी, हात लावायचा नाही!’

‘नाही लावत बाबा,’ तिने हात काढून घेतला. ‘माझं काय आहे त्यात?’

माणसांच्या पोटातलं कधीतरी ओठांवर येतं. मला ओठ नाहीत, नुसती कडी आहे आणि तिला तार पिळलेली आहे. ती तार कोणीही हाताने सोडवू शकेल. तुम्ही सोडवा. पाटीवर काहीही लिहिलेलं असू दे. आणि लवकर सोडवा, ती आता काठी टेकत चालते.

हे माझं स्वगत होतं. तुम्ही शेवटच्या रांगेत होतात, तुम्हाला ऐकू आलं. ती हातभर अंतरावर उभी होती.